पानपिंपळी, गुग्गुळ आणि कोलेस्टेरॉलची गोळी

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अकोट, तेल्हारा व अंजनगाव सुर्जी या तालुक्यांत पानवेलीच्या जोडीने पानपिंपळीचे बागाईत पीक पुष्कळ वर्षांपासून घेतले जात आहे. सावलीच्या झाडांच्या आश्रयाने वाढणारा हा वेल, त्याची तुतीसारखी दिसणारी लांबट फळे, ती हिरवी व टणक असतानाच तोडून उन्हात काळी पडेपर्यंत वाळविण्याची रीत, हे सर्व वऱ्हाडातील बागाईतदारांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. लागवडीविषयी काही शंका असल्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील नागार्जुन वनौषधी उद्यानाकडे विचारणा करावी. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. बाजारात नेलेल्या पोत्यांपैकी जी चार मुठी पिंपळी घरी राहते, तिचे घरात पुढे काय होते, याविषयी येथे लिहावयाचे आहे.

पूर्वी हृदयविकार हा शहरातील बैठ्या माणसांचा रोग समजला जात असे. आता तसे राहिलेले नाही. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून किंवा एखाद्या खाजगी दवाखान्यातून उपचार घेऊन गावी परतलेला हृदयरोगी आज बहुतेक प्रत्येक खेड्यात आढळतो. त्याच्या औषधांच्या पिशवीत रक्तदाबाच्या व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर ‘ॲटोर्व्हास्टॅटिन’ किंवा ‘रोसुव्हास्टॅटिन’ अशा नावाची एक गोळी असते. ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी होय. त्याच घराच्या फडताळात त्रिकटू चूर्णाची बरणी, योगराज गुग्गुळाच्या गोळ्या, अर्जुनाच्या सालीची भुकटी आणि कोणी पाहुण्याने आणून दिलेली ‘हर्बल’ कुपी असते. हे औषध चांगले आणि तेही चांगले, तेव्हा दोन्ही घेतल्यास गुण दुप्पट, असा हिशेब घरातील मंडळी सहजच करतात. हा हिशेब बरोबर आहे की नाही, हे पाहण्यापूर्वी गोळीचे कार्य थोडक्यात समजून घेऊ.

गोळी काय करते?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा एक स्निग्ध पदार्थ असून शरीराला त्याची गरज असते. त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करते. रक्तातून वाहणाऱ्या कोलेस्टेरॉलपैकी ‘एल. डी. एल.’ या प्रकाराचे प्रमाण वाढले म्हणजे ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचत जाते, आणि अशा साचलेल्या थरावर गुठळी होऊन रक्ताची वाट बंद झाली की हृदयविकाराचा झटका येतो. स्टॅटिन वर्गातील औषधे यकृतातील ही निर्मिती मंद करतात. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठी रक्तातील एल. डी. एल. ओढून घेते व रक्तातील प्रमाण उतरते. हे प्रमाण दर डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने खाली आले, तर झटका व पक्षाघात यांसारख्या घटना अंदाजे पाचव्या हिश्शाने कमी होतात, असे अनेक देशांतील मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे.

ही गोळी ‘केमिकल’ व काढा मात्र ‘नैसर्गिक’, असा भेद करण्याची सवय आपल्याला लागली आहे. वस्तुतः स्टॅटिनचा जन्म धान्यावरील बुरशीतून झाला. जपानमधील अकिता प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात १९३३ साली जन्मलेले अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या आणि १९७३ साली तांदळावरील एका निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना या वर्गातील पहिले द्रव्य सापडले. पुढे १९७९ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका बुरशीतून ‘मोनॅकोलिन के’ हे द्रव्य वेगळे केले. तेच द्रव्य अमेरिकेतही स्वतंत्रपणे सापडले होते व ‘लोव्हास्टॅटिन’ या नावाने १९८७ साली तेथे त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. एंडो २०२४ साली निवर्तले. सांगावयाचे इतकेच की वनस्पती, बुरशी किंवा कारखाना यांपैकी द्रव्य कोठून आले यावर त्याचा गुण अथवा अपाय ठरत नाही. ते शरीरात किती पोहोचते आणि किती वेळ टिकते, यावर तो ठरतो.

शेतातील चराचे उदाहरण

ही ‘किती पोहोचते व किती टिकते’ ही गोष्ट काळ्या जमिनीत कपाशी करणाऱ्या शेतकऱ्यास उदाहरणाने लवकर पटेल. शेतात जेवढे पाणी येते, त्यातील जादा पाणी चरावाटे निघून जाते. चर नीट असेल तर मुळांशी योग्य तेवढाच ओलावा राहतो. चर बुजला तर तेवढ्याच पावसात पाणी साचते, मुळे गुदमरतात व झाड पिवळे पडते. उलट चर फार खोल व रुंद झाला, तर पाऊस पडूनही ओल टिकत नाही. पाऊस दोन्ही वेळा सारखाच असतो. पीक मात्र एकदा जादा पाण्याने जाते, एकदा तहानेने.

औषधाच्या बाबतीत हा चर म्हणजे आतड्यातील व यकृतातील काही एंझाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने होत. त्यांपैकी ‘सी. वाय. पी. ३ ए ४’ या नावाचे एंझाइम फार महत्त्वाचे आहे, कारण आपण घेतो त्यांपैकी कितीतरी औषधांची मोडतोड तेच करते. याशिवाय आतड्याच्या अस्तरात ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ नावाचे एक प्रथिन पंपासारखे काम करून काही औषधे आत शिरण्यापूर्वीच परत बाहेर टाकते. ॲटोर्व्हास्टॅटिन व सिम्व्हास्टॅटिन या गोळ्यांचा निचरा प्रामुख्याने सी. वाय. पी. ३ ए ४ कडून होतो. रोसुव्हास्टॅटिन त्यावर फारसे अवलंबून नाही. डॉक्टर १० किंवा २० किंवा ४० मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात, तेव्हा रुग्णाचा हा चर नेहमीप्रमाणे वाहत आहे, असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

चर बुजविणारा एक पदार्थ योगायोगानेच उघडकीस आला. कॅनडातील संशोधक डेव्हिड बेली यांना १९८९ साली असे दिसले की ‘ग्रेपफ्रूट’ या पपनसाच्या जातभाई फळाच्या रसाबरोबर रक्तदाबाचे एक औषध घेतल्यास ते रक्तात अपेक्षेपेक्षा फारच जास्त चढते. फळातील काही द्रव्ये आतड्यातील सी. वाय. पी. ३ ए ४ निकामी करतात, हे पुढे कळले. तेव्हापासून सिम्व्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकावर या फळाविषयी सूचना छापलेली असते. एका फळाच्या रसाने हे होते, तर मग वऱ्हाडात पिकणाऱ्या पिंपळीचे काय?

पिंपळी: जुने ज्ञान व नवे ज्ञान

पिंपळी, मिरे व सुंठ मिळून त्रिकटू होते. कोणत्याही औषधात थोडी पिंपळी घातली म्हणजे त्या औषधाचा गुण वाढतो, हे आयुर्वेदास प्राचीन काळापासून ठाऊक आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्याच अध्यायात पिंपळीस ‘योगवाही’ म्हटले आहे. ज्याच्याशी योग होईल त्याचा गुण वाहून नेणारी, असा त्याचा अर्थ. मात्र त्याच ठिकाणी पिंपळी, क्षार व लवण या तीन वस्तूंचे अतिसेवन करू नये, असेही स्पष्ट बजावले आहे. आपल्याकडे पहिला भाग सर्वांच्या तोंडी आहे. दुसरा फारसा कोणी सांगत नाही.

या योगवाहित्वाचा आधुनिक शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पिंपळीचा व मिऱ्याचा तिखटपणा ज्या ‘पायपरिन’ नावाच्या द्रव्यामुळे असतो, तेच द्रव्य इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते, असे त्यांना आढळले. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतील पिवळे द्रव्य, नुसते दिले, तेव्हा ते रक्तात जवळजवळ दिसलेच नाही. त्याबरोबर केवळ २० मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा शोषण सुमारे वीस पटींनी वाढले. निरोगी माणसांना आठवडाभर रोज २० मिलिग्रॅम पायपरिन देऊन केलेल्या व १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका भारतीय अभ्यासात प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिन या औषधांचे रक्तातील प्रमाणही चढलेले दिसले. पुढे जर्मनीतील संशोधकांनी २००२ साली त्याचे कारण दाखवून दिले. पायपरिन हे मानवी सी. वाय. पी. ३ ए ४ या एंझाइमास आणि पी-ग्लायकोप्रोटीन या पंपासही अडविते. चर बुजतो तो येथे.

या गुणाचा भारतात सदुपयोगही झालेला आहे. क्षयरोगावरील रिफँपिसिन हे औषध सामान्यतः ४५० मिलिग्रॅम द्यावे लागते. जम्मूच्या त्याच संस्थेच्या संशोधनावरून तयार झालेली व २००९ साली बाजारात आलेली एक गोळी अशी आहे की तिच्यात १० मिलिग्रॅम पायपरिन घालून रिफँपिसिनचे प्रमाण २०० मिलिग्रॅमवर आणले आहे. दहा मिलिग्रॅम म्हणजे किती? मिरपुडीत शेकडा पाच भाग पायपरिन धरले, तर पाव ग्रॅमाहूनही कमी पुडीत तेवढे पायपरिन येते. औषध निम्म्याहून कमी करण्याइतकी शक्ती एवढ्याशा पुडीत असेल, तर चहाचा चमचा भरून रोज सकाळी मधात चाटलेल्या त्रिकटूत ती नसेल, असे कोण म्हणेल? फरक इतकाच की क्षयाच्या त्या गोळीत रिफँपिसिन हिशेबाने कमी केलेले आहे, आणि आपल्या रुग्णाच्या स्टॅटिनच्या मात्रेत कोणीही काही कमी केलेले नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. स्टॅटिनबरोबर पिंपळी घेऊन अमुक इतक्या रुग्णांना अपाय झाला, अशा गणतीवर वरील इशारा आधारलेला नाही. निचऱ्याचा मार्ग एकच आहे व पिंपळी तो अडविते, या ज्ञात गोष्टींवरून तो काढलेला आहे. औषधांच्या बाबतीत अशी सावधगिरी पुरेशा कारणाशिवाय घेतली जात नाही. स्टॅटिन वर्गातीलच ‘सेरिव्हास्टॅटिन’ नावाची गोळी ऑगस्ट २००१ मध्ये जगभरच्या बाजारातून परत घ्यावी लागली. स्नायू विरघळण्याच्या विकाराने झालेल्या ५२ मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला होता, आणि त्यांतील पुष्कळ रुग्ण तिच्याबरोबर चरबीवरचेच ‘जेमफायब्रोझिल’ हे दुसरे औषध घेत होते. ते औषध सेरिव्हास्टॅटिनचा निचरा अडवीत होते.

फोडणीतील दोन मिरे किंवा भाजीच्या मसाल्यातील पिंपळी यांची धास्ती घेण्याचे मात्र कारण नाही. ती मात्रा घरातील सर्व माणसांत विभागली जाते, आणि ती वर्षानुवर्षे सारखीच असल्याने डॉक्टरांनी तपासणी करून ठरविलेली गोळी तिच्याशी जुळूनच ठरलेली असते. काळजी करावयाची ती नव्याने, औषधी मात्रेत व रोज सुरू केलेल्या चूर्णाची, आणि त्याहून अधिक ‘शोषण वाढावे म्हणून पायपरिनयुक्त’ असे अभिमानाने छापलेल्या तयार कुप्यांची.

गुग्गुळाची गोष्ट

पिंपळी निचरा अडविते. गुग्गुळ याच्या उलट वागतो, असे दिसते. राजस्थान व गुजरातच्या कोरड्या प्रदेशांतील एका काटेरी झुडपाचा हा डिंक होय. कोलेस्टेरॉलच्या संदर्भात त्याचे नाव जगभर पोहोचविण्याचे श्रेय डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना आहे. बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून आरंभ करून सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. त्यानंतर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळाचा अर्क सिद्ध केला व १९८०च्या दशकात तो चरबीवरचे औषध म्हणून देशात विकला जाऊ लागला. जुना ग्रंथ नीट वाचून त्यातील विधान प्रयोगाने तपासावे कसे, याचा हा चांगला नमुना आहे.

परंतु तपासणी एकदाच करून भागत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १०३ व्यक्तींवर आठ आठवडे चाललेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे एल. डी. एल. कमी न होता शेकडा ४ ते ५ ने वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. तेथील आहार व येथील आहार भिन्न आहे, हे खरे. तरी स्टॅटिन सोडून गुग्गुळावर विसंबणे आज कोणत्याही आधारावर समर्थनीय ठरत नाही.

आता एकत्र घेण्याविषयी. मुंबईच्या औषधशास्त्रज्ञांनी १९९४ साली असे दाखविले की गुग्गुळाच्या अर्काबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टिआझेम या हृदयविकारावरील दोन औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. प्रयोगशाळेतील नंतरच्या कामावरून, गुग्गुळातील द्रव्ये सी. वाय. पी. ३ ए ४ ची निर्मिती वाढवू शकतात, असेही आढळले आहे. म्हणजे येथे चर रुंद होतो व घेतलेली गोळी वाया जाण्याचा संभव उत्पन्न होतो. तेच प्रोप्रॅनोलॉल पिंपळीने चढते व गुग्गुळाने उतरते, हे वाचकांनी पाहिलेच असेल. योगराज गुग्गुळाच्या पाठात तर गुग्गुळाबरोबर पिंपळी व पिंपळमूळ दोन्ही असतात. अशा वेळी गोळीचे अंतिम प्रमाण कोणत्या बाजूस झुकेल, हे घरी बसून कोणासही सांगता येणार नाही. यासाठीच रक्ततपासणी असते.

पाय दुखू लागतात तेव्हा

सर्वांत अधिक लक्ष द्यावयाची जागा ही आहे. स्टॅटिन घेणाऱ्या काही रुग्णांना मांड्या, पोटऱ्या व खांदे यांत दुखणे किंवा अशक्तपणा जाणवतो. खेड्यातील साठीच्या माणसास पोटऱ्या भरून आल्या, तर तो ‘वात आला’ म्हणतो. घरात योगराज गुग्गुळ असतोच. कोणी सुंठ-पिंपळीचा काढा सुचवितो. दुखणे गोळीमुळे असल्यास पिंपळीने गोळीचे प्रमाण आणखी वाढण्याची शक्यता असते. दुखणे वाढते, म्हणून काढाही वाढविला जातो. इकडे गुग्गुळाविषयीही एक नोंद आहे. इटलीतील डॉक्टरांनी २००४ साली केवळ गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्या एका रुग्णात स्नायू विरघळण्याचा विकार झाल्याचे नोंदविले. असे क्वचितच घडते. पण ज्या दुखण्यावर आपण औषध म्हणून गुग्गुळ घेतो, ते दुखणे स्नायूंचे असेल, तर आगीत तेल ओतल्यासारखे व्हावयाचे.

दुसरीही चूक तितकीच घातक आहे. पाय दुखले की गोळीवर खापर फोडून ती बंद करावयाची व ‘आता फक्त काढा घेतो’ म्हणावयाचे. स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांतील नोंदी एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की खोटी गोळी घेणाऱ्यांच्याही स्नायूंच्या तक्रारी जवळजवळ तितक्याच होत्या, आणि स्टॅटिन घेणाऱ्यांच्या अशा सुमारे पंधरा तक्रारींपैकी एकच खरोखर गोळीमुळे होती. पऱ्हाटी उपटणे, डवरणी, उन्हात वाकून काम करणे, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार अशी दुखण्याची अनेक कारणे असतात. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे त्याने अशा तर्कावर गोळी सोडणे म्हणजे ऐन पावसाळ्यात धरणाचा बांध स्वतःच्या हाताने फोडणे होय.

तेव्हा दुखणे सौम्य असेल तर गोळी चालू ठेवून, नव्याने सुरू केलेले चूर्ण किंवा कुपी थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. मात्र दुखणे तीव्र असेल, अंगात उठण्याचे त्राण नसेल, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल अथवा डोळे पिवळे दिसत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्तातील ‘क्रिएटिन कायनेज’ या द्रव्याची तपासणी केली की स्नायूंना इजा झाली आहे की नाही हे कळते. पुढची गोळी घ्यावी की थांबवावी, हे तेथील डॉक्टर सांगतील.

इतर काही पदार्थ

लसूण, हळद, दालचिनी यांच्या तयार गोळ्यांची जाहिरात फार होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने १९० हून अधिक व्यक्तींना २८ दिवस निरनिराळे पदार्थ देऊन त्यांची तुलना केली. त्यात रोसुव्हास्टॅटिनच्या केवळ ५ मिलिग्रॅमच्या गोळीने एल. डी. एल. शेकडा ३८ ने खाली आले. माशांचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल व लाल बुरशीचा तांदूळ या सहापैकी एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. लसणाच्या गटात तर ते किंचित वाढलेच. हा निकाल २०२२ साली जाहीर झाला. जेवणातील लसूण व हळद यांस त्याने काही बाधा येत नाही. गोळ्यांवर पैसा घालविण्याचा प्रश्न तेवढा सुटतो. शिवाय लसणाच्या अर्काने रक्त गोठण्यास थोडा विलंब लागतो, हे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, आणि दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांस सांगावे.

लाल बुरशीचा तांदूळ ‘नैसर्गिक’ म्हणून घरपोच मागविता येतो. त्यात वर उल्लेखिलेले मोनॅकोलिन के, म्हणजे लोव्हास्टॅटिनच, असते. कोणत्या कुपीत किती, याचा भरवसा नसतो. स्टॅटिनबरोबर तो घेणे म्हणजे नकळत दुहेरी मात्रा घेणे होय. युरोपीय संघाने २०२२ साली अशा पदार्थांत मोनॅकोलिनचे रोजचे प्रमाण ३ मिलिग्रॅमच्या आत असावे, असा नियम केला.

गुळवेलीविषयी बरीच उलटसुलट चर्चा झाली आहे. साथीच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही व गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा वेल घेतला जात असल्याकडे २०२२ साली लक्ष वेधले. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. बांधावरचा वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, एवढे मात्र दोन्ही बाजूंच्या म्हणण्यावरून शेतकऱ्याने घ्यावयास हरकत नाही. स्टॅटिन घेणाऱ्याच्या यकृताची तपासणी होत असतेच. तीत बिघाड दिसला आणि काढ्याची गोष्ट कोणी सांगितलीच नाही, तर दोष विनाकारण गोळीवर येतो व उपयुक्त गोळी बंद पडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

आशा कार्यकर्ती व इतर कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी ‘कोणती औषधे घेता?’ एवढेच विचारू नये. या प्रश्नाच्या उत्तरात चूर्ण, काढा व कुपी यांचा उल्लेख सहसा येत नाही, कारण ती ‘औषधे’ आहेत असे घरातील मंडळी मानीतच नाहीत. ‘सकाळी उपाशीपोटी काय घेता? मधात काय चाटता? दुखण्याखुपण्यावर घरचे काय चालते?’ असे विचारावे. जे सापडेल ते सर्व, रिकाम्या पाकिटासह, एका पिशवीत घालून पुढच्या तपासणीस डॉक्टरांपुढे ठेवण्यास सांगावे. वैद्यांकडे जाताना डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी. अकोला व अमरावती येथे आयुर्वेद महाविद्यालये आहेत. तेथील वैद्यांस रुग्ण स्टॅटिन घेत आहे हे सांगितले, तर पाठात पिंपळी नसलेले दुसरे औषध ते निवडू शकतात. रुग्णास पिंपळीचे औषध खरोखर आवश्यक असेल, तर सी. वाय. पी. ३ ए ४ वर फारसे अवलंबून नसलेली गोळी देण्याचा विचार डॉक्टरही करू शकतात. ही अदलाबदल रुग्णाने स्वतः करू नये.

आठवडी बाजारात कागदाच्या पुडीत मिळणारी बिननावाची भुकटी घेऊ नये. आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये व परवाना क्रमांक असणे आवश्यक आहे. हृदयरोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ सालच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे, हे लोकांना समजावून द्यावे.

गोळीबरोबर निश्चितपणे जमणारा वनस्पतिजन्य पदार्थ विचारल्यास इसबगोल सांगता येईल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन व रोज १५ ग्रॅम इसबगोल घेणाऱ्यांचे एल. डी. एल. २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांइतकेच खाली आले. तरीही गोळीची मात्रा कमी करावयाची तर ती डॉक्टरांनीच. चिकट तंतू औषधास आतड्यात धरून ठेवतात, म्हणून इसबगोल व गोळी एकाच वेळी घेऊ नये. मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. जवसाची भुकटी औषध म्हणून चमच्याने घेणाऱ्यांनीही असेच अंतर ठेवावे. भाकरीबरोबरच्या जवसाच्या चटणीस हे लागू नाही.

वरुड व मोर्शीकडील बागाईतदार ग्रेपफ्रूटविषयी वाचून संत्र्याबद्दल विचारतील. संत्री व मोसंबी यांत ती अडविणारी द्रव्ये दखल घेण्याजोग्या प्रमाणात नसतात. स्टॅटिन घेणाऱ्याने ती खुशाल खावीत. पपनसात मात्र ती असतात. ज्यांच्या परसात पपनसाचे झाड आहे, त्यांनी ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू असताना त्याची फळे शेजाऱ्यांस वाटावीत, मात्र शेजारी कोणती गोळी घेतो ते आधी विचारून.